डॉक्टरची कमाई मोजायची तर आधी कागद घ्या

मी ठाण्यात नौपाड्यात बसून गेली बावीस वर्षं लोकांचे टॅक्स रिटर्न भरतो. गिऱ्हाइकांत डॉक्टर बरेच. त्यामुळे बारावीचा निकाल लागला की सोसायटीतले आईबाप हमखास गाठतात, "एवढं शिकून डॉक्टरला परवडतं का हो?" मी कागद पुढे सरकवतो.

कागदावर पगार नको, आधी वयं लिहा. अठराव्या वर्षी बारावी. एमबीबीएस साडेचार वर्षं, वर एक वर्ष इंटर्नशिप. सरकारी कॉलेज असेल तर वर्षाचा बाँड, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा. पीजीच्या प्रवेशपरीक्षेत, नीटमध्ये, एखादं वर्ष जातंच, मग एमडीची तीन. माझी भाची एमडी होईल तेव्हा अठ्ठावीस उलटलेली असेल. तिचा भाऊ बाविसाव्या वर्षी ऐरोलीच्या आयटी पार्कात लागला. मधल्या वर्षांतला त्याचा पगार मांडा, तिचं विद्यावेतन वजा करा. उरेल तेवढं तिनं शिक्षणात घातलंय, फी वेगळी. खाजगी कॉलेज असेल तर नवा कागद घ्या, ह्यावर मावणार नाही.

आता तास. बहुतेक जण इथेच फसतात. भाऊबीजेला बहिणीकडे गेलो होतो. भाचा साठ हजार घेतो, भाची रेसिडेंट, म्हणजे एमडी शिकता शिकता काम करणारी निवासी डॉक्टर, म्हणून ऐंशी. बहीण खूश, "बघ, पोरगी पुढे गेली!" मी तास विचारले. तो आठवड्याला ४८, ती ९०. ताटाशेजारीच मोबाइलवर भागाकार केला : त्याला तासाला २८८ रुपये, तिला २०५. निवासी डॉक्टरांना आठवड्याला ४८ तास ड्युटी असावी, असं केंद्रानं १९९२ सालीच सांगून ठेवलंय. भाचीला हे सांगितलं तर ती नुसती हसली आणि बासुंदी वाढून घेतली.

प्रॅक्टिस करणाऱ्याचा हिशेब लावताना जमा रकमेला कमाई म्हणू नका. गाळ्याचं भाडं, कंपाउंडर, लाइट, जैववैद्यकीय कचरा नेणाऱ्यांचे पैसे, सगळं त्यातूनच जातं. आयकराच्या अंदाजे नफ्याच्या तरतुदीत बसणाऱ्या व्यावसायिकांची निम्मी जमा नफा धरतात, कच्च्या अंदाजाला तेवढं पुरे. हॉस्पिटलला जोडलेल्या डॉक्टरला बहुधा पगार नसतोच, फी असते : दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाचा कर, कापलेली, पीएफ नाही, रजा नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाचे पैसे एका हॉस्पिटलनं चार महिने अडकवले. टीडीएस मात्र कापून भरला, कारण रक्कम खतावली की तो लागतो. कागदोपत्री उत्पन्न झालं, खात्यात दमडी नाही.

तुलना कोणाशी, हेही बघा. घोडबंदरला मोठा फ्लॅट असलेला सर्जन एकीकडे आणि नुकता लागलेला इंजिनिअर दुसरीकडे, असं करू नका. एकाच वयाचे, बारावीला साधारण सारखे मार्क असलेले दोघं घ्या. आणि कागद साठीपर्यंत ओढा : पंचेचाळिशीत आयटीवाल्याची नोकरी डळमळू शकते, कळव्यातला म्हातारा डॉक्टर सत्तरीतही दवाखाना उघडतो.

माझ्याकडचे कागद बघून मला वाटतं, तिशीपर्यंत डॉक्टरवर अन्याय होतो, चाळिशीनंतर स्पेशालिस्टचं बरंचसं भरून निघतं. नुसत्या एमबीबीएसवर गल्लीत बसलेल्याचं निघत नाही. आमचे फॅमिली डॉक्टर अजून दोनशे रुपये घेतात, आणि मी त्यांचं रिटर्न भरायचे त्याहून कितीतरी जास्त.