घरासाठी लाँगआर्म मशीन घ्यावे का?

अमेरिकेत क्विल्ट (थर एकत्र शिवून केलेले गोधडीसारखे पांघरूण) शिवणाऱ्या ज्या मराठी घरांत लाँगआर्म मशीन घेण्याचा विचार चालू असेल, त्यांनी या कामातला नेमका कोणता टप्पा आपल्याला आवडतो, हे आधी ठरवावे. तुकडे जोडून वरचा थर तयार करण्यात ज्यांचा जीव रमतो, त्यांनी तयार थर व्यावसायिकाकडे शिलाईला द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. कारण हे मशीन मुख्यतः वरचा थर, बॅटिंग (मधला मऊ भराव) आणि अस्तर एकत्र शिवण्यासाठीच असते, आणि जोडकामाला साधे मशीन लागतेच. साध्या मशीनवर आपण कापड सुईखाली सरकवतो; इथे कापड चौकटीवर ताणलेले राहते आणि हँडल धरून मशीनच त्यावरून फिरवायचे असते.

खर्चाचा हिशेब कागदावर मांडावा. शिलाईचा दर बहुधा चौरस इंचावर ठरतो. समजा, तो 3 सेंट आहे, तर 60 बाय 80 इंचांच्या, म्हणजे 4800 चौरस इंचांच्या क्विल्टला 144 डॉलर पडतात. चौकटीसह मशीन 12,000 डॉलरना मिळाले, तर तेवढ्या पैशांत असे सुमारे 83 क्विल्ट बाहेरून शिवून होतात. वर्षाला आठ क्विल्ट पुरे करणाऱ्यांना एवढी मजल गाठायला दहा वर्षे लागतील, आणि यात दोरा, सुया व दुरुस्ती धरलेली नाही.

जागेचा प्रश्न याहून अवघड आहे. 108 इंच रुंद क्विल्टच्या अस्तराला दोन्ही बाजूंनी चार-चार इंच जास्तीचे लागतात आणि मशीनची स्वतःची रुंदीही चौकटीच्या लांबीतून वजा होते, म्हणून 12 फुटी चौकट धरून चालावे. शिवाय पुढून आणि मागून, दोन्हीकडून उभे राहून काम करायला मोकळी वाट हवी. गॅरेजची जमीन पाणी वाहून जावे म्हणून दाराकडे उतरती असते. चौकटीचे पाय फिरवून ती समपातळीत आणली नाही, तर चाकांवरचे मशीन आपोआप उताराकडे सरकते. जागा कमी असल्यास बसून चालवायचे, चौकट नसलेले लाँगआर्म पाहावे. मात्र त्यावर तिन्ही थर आधी पिना लावून एकत्र धरावे लागतात आणि क्विल्ट हातानेच फिरवावा लागतो.

खरेदीपूर्वी, तासावर मशीन भाड्याने देणाऱ्या दुकानात एक पूर्ण क्विल्ट शिवून पाहावा. दोऱ्याचा ताण जुळवणे तिथेच नीट कळते: वळणावर शिवून झाल्यावर चौकटीखाली हात घालून अस्तरावरून बोट फिरवावे, खालचा दोरा सरळ तारेसारखा पडला असेल आणि वरच्या दोऱ्याचे फास बोटाला लागत असतील, तर वरचा ताण थोडा वाढवावा. दोरा बदलला की ही तपासणी पुन्हा करावी लागते. ज्यांना याचाच कंटाळा येईल, त्यांनी मशीन घेऊ नये.

आजीच्या गोधडीसारखा पोत हवा असेल, तर तो या मशीनकडून मिळणार नाही. गोधडीचा धावदोरा एकाच दोऱ्याने थरांतून वर-खाली जातो. मशीनचा टाका मात्र दोन दोरे एकमेकांत अडकवून बसतो, त्यामुळे तो सलग दिसतो आणि जुन्या लुगड्यांचा मऊपणा काहीसा आवळला जातो.

वापरलेले मशीन घेताना एकूण किती टाके चालले याची नोंद आणि जवळच्या तंत्रज्ञाचे नाव विचारावे. पुढेमागे भारतात परतायचे असेल, तर ते मशीन 230 व्होल्टवर चालते का, हे कंपनीकडून लेखी घ्यावे.