सरकारी ऑफिसात नवी पद्धत आणायचीय? साहेबांच्या बदलीनंतरही टिकेल अशी आणा

नवे साहेब आले की बैठका होतात, नवीन फॉरमॅट येतात, आणि तीन वर्षांत त्यांची बदली झाली की परत जुनंच चालू. म्हणून सुधारणा साहेबांच्या नावावर ठेवू नका, टेबलाच्या रोजच्या कामातच बसवा.

एकच सेवा घ्या, सगळं ऑफिस एकदम हलवायला जाऊ नका. समजा शिक्षकांची पेन्शन केस. नुकतीच निकाली निघालेली एक फाइल उघडा आणि प्रत्येक टेबलावर ती कधी आली, कधी गेली ते कागदावर मांडा. बहुतेक वेळा दिसतं की काम तासाभराचं होतं, बाकी सगळे दिवस ती नुसती पडून होती, नाहीतर आज नावातला फरक, पंधरा दिवसांनी वेतन पडताळणी राहिलीय, असं एकेक त्रुटी काढून परत पाठवली होती. यावर उपाय साधा आहे, एका पानाची तपासणी यादी करा आणि सगळ्या त्रुटी एकदाच कळवा, आणि सेवापुस्तक, म्हणजे नोकरीभराच्या नोंदींचं पुस्तक, निवृत्तीच्या दोन वर्षं आधीच काढून बघा, माणूस घरी बसल्यावर त्याला हेलपाटे कशाला?

नुसतं 'सादर' लिहून पुढे सरकवणारी टेबलं कमी करा. सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्या आणि कामातल्या विलंबाबद्दलच्या महाराष्ट्राच्या 2005 च्या कायद्यात एका टेबलावर फाइल कामाचे सात दिवस, त्याहून जास्त नाही, असं आहेच, पण तो फारसा कुणी उघडत नाही. दप्तर सहा गठ्ठ्यांत लावा (प्रलंबित, प्रतीक्षेतली, नियतकालिकं, स्थायी आदेश, रेकॉर्डला पाठवायची आणि नष्ट करायची कागदपत्रं), अहमदनगरला जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिनांनी 1980 च्या दशकात दप्तराची शिस्त लावली ती अजून आठवतात लोक.

आता खरी अडचण, माणसं. जुना अव्वल कारकून विरोध करतो तेव्हा तो आडमुठाच असतो असं नाही हो, बऱ्याचदा त्याला ऑनलाइन एंट्रीही करायची असते आणि जुनं रजिस्टरही भरायचं असतं, म्हणजे काम दुप्पट. म्हणून कुठलं रजिस्टर कोणत्या तारखेपासून बंद ते लेखी आदेशात टाका. तपासणी यादी त्यालाच करायला सांगा, कारण फाइल कुठे अडते ते त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

शेवटी तो आदेश आणि यादी स्थायी आदेशांच्या गठ्ठ्यात लावा, आणि चार्ज देताना-घेताना यादीवर दोघांच्या सह्या घ्या.