हेबियस अर्ज फेटाळला गेल्यावर अपील कसं करायचं

अमेरिकेत राज्याच्या शिक्षेविरुद्धचा हेबियस अर्ज (आपली कैद बेकायदा आहे, असा कैद्याचा दावा) फेडरल जिल्हा न्यायालयाने फेटाळला, की अंतिम निकाल नोंदल्यापासून ३० दिवसांत त्याच न्यायालयात अपिलाची नोटीस द्यावी लागते. ती एक पानाची पुरते: कोण अपील करतोय, कोणत्या निकालाविरुद्ध, कोणत्या सर्किट न्यायालयात (जिल्हा न्यायालयावरचं फेडरल अपील न्यायालय). युक्तिवाद त्यात नको.

तारीख इथेच चुकते. १९८८ च्या ह्यूस्टन विरुद्ध लॅक निकालापासून कैद्याने नोटिशीचं पाकीट तुरुंगाच्या हवाली केलं तो दिवस दाखल झाल्याचा मानतात. मात्र तुरुंगात कायदेशीर टपालाची वेगळी सोय असेल तर तीच वापरा. सोबत शपथेवर लिहा: ‘अमुक तारखेला पाकीट दिलं, पहिल्या वर्गाचं टपालशुल्क भरलं आहे.’ टपाल नोंदवहीची नक्कल मिळाली तर जपून ठेवा.

खरी लढाई अपीलयोग्यता प्रमाणपत्राची, म्हणजे अपील पुढे चालवायला लागणाऱ्या न्यायालयीन परवानगीची. जिल्हा न्यायाधीशाने ते नाकारलं तर सर्किट न्यायालयाकडे मागा. त्या नकारावर फेरविचार मागितल्याने ३० दिवस वाढत नाहीत. पण दिवाणी प्रक्रियेच्या फेडरल नियम ५९(ई) खाली मूळ निकाल बदलण्याचा अर्ज २८ दिवसांत केला, तर अपिलाची मुदत त्याच्या निकालापासून मोजतात.

प्रमाणपत्रासाठी जिंकणार हे दाखवावं लागत नाही. घटनात्मक हक्कभंगावर समंजस न्यायाधीशांत मतभेद होऊ शकतो, एवढं दाखवा. मुदत किंवा प्रक्रियेवरून अर्ज फेटाळला असेल तर त्या कारणाबद्दलही तेच दाखवावं लागतं. बरेच जण नेमकं हेच विसरतात. दहा मुद्दे कोंबू नका, सर्वांत भक्कम दोन-तीन घ्या आणि प्रत्येकाला खटल्याच्या नोंदीतला पान क्रमांक जोडा.