टॅक्टिकल टीमच्या ट्रेनिंगला निघालेल्यांसाठी

पोलिसांच्या टॅक्टिकल टीमसाठी, म्हणजे ओलीस सोडवणं, गोळीबार थांबवणं अशा कामांच्या खास पथकासाठी, निवड झाली की नवे अधिकारी सगळ्यात आधी विचारतात, फायरिंग किती असतं? भरपूर असतं. पण सुरुवातीला खरा घाम निघतो तो दारात. रिकामी खोली, रिकामी शस्त्रं, आणि तेच दार पुन्हा पुन्हा. आत शिरताना नजर आपोआप खोलीच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाकडे ओढली जाते, आणि दाराला लागून असलेला कोपरा तसाच राहून जातो. म्हणून वाटण्या ठरलेल्या असतात. पहिला ज्या बाजूला वळला त्याच्या उलट बाजूला दुसरा, आणि दारात थबकायचं नाही. समोर कितीही आरडाओरडा होऊ दे, तुमचा कोपरा तुम्हीच बघायचा, कारण तुमच्या पाठीमागचं कोणीतरी बघतंय. हा भरवसा अंगात मुरायला वेळ लागतो. माझ्या मते अख्ख्या ट्रेनिंगमधली सगळ्यात अवघड गोष्ट हीच.

म्युनिकचा 1972 चा प्रसंग जरूर अभ्यासा. तिथे ऑलिम्पिकच्या वेळी इस्रायली संघातल्या लोकांना ओलीस धरलं होतं. विमानतळावर ओलीस ठेवणारे आठ जण होते आणि नेम धरून बसलेले पोलीस पाच. त्या पाचांना अशा कामाचं खास प्रशिक्षण नव्हतं, आपसात बोलायला रेडिओही नव्हते. तिथवर जिवंत पोहोचलेले नऊही ओलीस मारले गेले. त्याच वर्षी पश्चिम जर्मनीने जीएसजी 9 हे खास पथक उभं केलं. 1977 मध्ये सोमालियातल्या मोगादिशूला याच पथकाने अपहृत विमानात शिरून आत असलेल्या सर्व ओलिसांना जिवंत सोडवलं. धाडस म्युनिकलाही होतं. मधल्या पाच वर्षांत घडली ती टीम.

दुसरा प्रसंग 1999 चा, अमेरिकेतल्या कोलंबाइन शाळेचा. तिथे दोन विद्यार्थ्यांनी शाळेत गोळीबार केला. आधी पोहोचलेल्या पोलिसांनी त्या काळच्या पद्धतीप्रमाणे बाहेर घेरा घातला आणि खास पथकाची वाट पाहिली. आत जखमी रक्तबंबाळ होऊन पडले होते. त्यानंतर शिकवणच बदलली: गोळीबार चालू असेल तर जे पहिले पोहोचतील त्यांनीच आत जायचं. याउलट कोणी स्वतःला कोंडून घेतलं असेल आणि इजा करत नसेल, तर वेळ आपल्या बाजूने असतो. घेरा धरायचा, वाटाघाटी करणाऱ्याला बोलू द्यायचं, तासन्‌तास थांबायचं. ट्रेनिंगमध्ये दोन्ही सवयी लावल्या जातात. चालू प्रसंग यातला कुठला आहे हे ओळखणं, आणि एकातून दुसरा कधी झाला हे टिपणं, यावर माणसं जगतात. चांगले प्रशिक्षक सरावाच्या मधेच प्रसंग पालटतात, ते यासाठीच.

रंगाच्या गोळ्यांचा, म्हणजे लागली की रंगाचा डाग पाडणाऱ्या गोळ्यांचा, सराव असेल त्या दिवशी तपासणीला कंटाळू नका. प्रत्येकाचे खिसे, पाऊच, मॅगझिन, चेंबर आधी एक जण बघतो, मग दुसरा. त्या हद्दीत खरी गोळी जाता कामा नये. पाणी प्यायला बाहेर गेलात तरी परतताना पुन्हा पहिल्यापासून तपासणी. सरावात खरी गोळी सुटून पोलीस मेल्याच्या घटना घडलेल्या आहेत, त्यामुळे इथे सिनियर-ज्युनियर असा भेद नाही. साहेबांचेही खिसे तपासा.

टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा, डाव्या हाताने, अंधारात, स्वतःच्याच उजव्या दंडावर बांधता आलं पाहिजे. रक्त थांबेपर्यंत आवळायचं, दुखतं म्हणून सैल सोडायचं नाही, आणि बांधल्याची वेळ लिहायची. मोठी रक्तवाहिनी तुटली तर हातात मोजकी मिनिटंच असतात. मेडिक तेवढ्यात पोहोचेलच असं नाही.

तयारीचं म्हणाल तर नुसतं पळणं पुरत नाही. बुलेटप्रूफ जॅकेट घालून, हातात शील्ड धरून जिने चढा आणि वर पोहोचल्यावर रेडिओवर एक स्पष्ट वाक्य बोलून बघा. धाप लागली की आवाज चिरकतो, शब्द गिळले जातात, आणि ऐकणाऱ्याला मजला चुकीचा कळू शकतो. कानांचं संरक्षण कधीच टाळू नका. फ्लॅशबँगचा, म्हणजे समोरच्याला गोंधळवायला फेकायच्या मोठ्या आवाजाच्या आणि झगझगीत उजेडाच्या बॉम्बचा, आवाज 170 डेसिबलच्या आसपास जातो, आणि गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. सराव संपला की डीब्रीफला, म्हणजे सरावात काय झालं याच्या चर्चेला, वही घेऊन बसा. तिथे हुद्दा बाजूला ठेवून बोलायचं असतं, तेव्हा तुम्हाला काय दिसलं ते सांगा, काय दिसलं नाही तेही सांगा. दुसऱ्या दिवशीचा सराव बहुतेक वेळा त्यावरूनच ठरतो.