क्लिक येतात, पण फोन वाजत नाही: गूगल ॲड्स चालवताना या चुका टाळा

नाशिकमध्ये ऑनलाइन जाहिरातींचे काम करताना माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींचा आशय एकच असतो: रोज पैसे कापले जात आहेत, अहवालात क्लिक दिसत आहेत, मात्र दुकानातला फोन वाजत नाही. अशा वेळी मालकाचा पहिला संशय प्रतिस्पर्ध्यावर असतो, दुसरा गूगलवर आणि तिसरा जाहिरात लावून देणाऱ्यावर. खाते उघडून पाहिले की दोष बहुधा तिसऱ्याकडेच निघतो. कॅम्पेन, म्हणजे जाहिरातींचा एक संच, तयार करताना आधीपासून टिक केलेल्या चौकोनांना कोणी हात लावलेला नसतो आणि लोकांनी नेमके काय टाइप केल्यावर ती जाहिरात दिसली, हे महिनोन्महिने कोणी वाचलेले नसते. सुरुवातीच्या काळात मीही ते वाचत नव्हतो. त्यामुळे पुढे सांगितलेल्या चुकांपैकी काही माझ्या स्वतःच्या हातच्या आहेत.

नाशिक निवडले, तरी जाहिरात नाशिकबाहेर जाते

ठिकाण म्हणून नाशिक निवडल्यावर जाहिरात फक्त नाशिककरांना दिसेल, असा समज सर्रास आढळतो. मूळ सेटिंगनुसार ती नाशिकमध्ये असलेल्या किंवा नेहमी येथे येणाऱ्या लोकांना तर दिसतेच, शिवाय ज्यांनी या ठिकाणात रस दाखवला आहे अशा, म्हणजे ठाण्यात किंवा इंदूरमध्ये बसून नाशिकविषयी काही शोधणाऱ्या लोकांनाही दिसते. इंदिरानगरमधील दंतवैद्याला ठाण्याचा क्लिक घेऊन काहीही उपयोग नसतो. त्याने ठिकाणाच्या पर्यायांत जाऊन केवळ प्रत्यक्ष उपस्थित असलेल्या लोकांचा पर्याय निवडावा, आणि शक्य असल्यास संपूर्ण शहराऐवजी दवाखान्यापासून सात-आठ किलोमीटरचा परीघ ठेवावा.

मात्र हाच नियम गंगापूर धरणाजवळच्या होमस्टेला लावला, तर धंदा बसेल. त्याचा ग्राहक नाशिकमध्ये राहतच नाही. तो मुंबई, पुणे किंवा सुरत येथे असतो आणि शनिवार-रविवारची सोय गुरुवारी रात्री शोधत असतो. अशा व्यवसायासाठी ती शहरेच लक्ष्य म्हणून निवडावी लागतात आणि नाशिक हे नाव कीवर्डमध्ये, म्हणजे ज्या शोधशब्दांवर जाहिरात दिसावी त्यांत, ठेवावे लागते. म्हणजे आपला ग्राहक शोध घेताना कोठे उभा असतो, हे ठरवल्याशिवाय ठिकाणाच्या सेटिंगला हातच लावता येत नाही.

त्याच पानावर आणखी दोन टिक असतात. सर्च कॅम्पेन, म्हणजे शोधाच्या निकालांत दिसणारी जाहिरात, सुरू करताना सर्च पार्टनर (गूगलचा शोध वापरणारी इतर संकेतस्थळे) आणि डिस्प्ले नेटवर्क हे दोन्ही पर्याय बहुधा आधीच चालू असतात. डिस्प्ले चालू राहिले, तर शोध घेणाऱ्यांसाठी ठेवलेल्या पैशांचा काही भाग संकेतस्थळांवर आणि मोबाइल ॲपमध्ये दिसणाऱ्या जाहिरातींकडे वळतो, आणि लहान मुले गेम खेळताना चुकून करतात ते क्लिकही आपल्याच नावावर पडतात. डिस्प्ले जाहिरात वाईट असते असे नाही, पण तिच्यासाठी वेगळे कॅम्पेन आणि वेगळे बजेट असावे.

लोकांनी काय टाइप केले, ते वाचा

सर्वाधिक पैसा जेथे वाया जातो ती जागा कीवर्डची आहे, म्हणून येथे थोडे थांबतो.

कीवर्ड नुसता लिहिला, तर तो ब्रॉड मॅच, म्हणजे सैल जुळणी, मानला जातो. अवतरणचिन्हांत लिहिला तर फ्रेज मॅच, म्हणजे शब्दसमूहाची जुळणी, आणि चौकोनी कंसात लिहिला तर एक्झॅक्ट मॅच, म्हणजे तंतोतंत जुळणी, होतो. पूर्वी अधिक चिन्ह लावून ब्रॉड मॅचला आवर घालता येत असे. ती सोय 2021 मध्ये संपली, तरीही जुन्या सवयीने ते चिन्ह लावलेली खाती अजून पाहायला मिळतात. आता तर एक्झॅक्ट मॅचसुद्धा अक्षरशः तंतोतंत राहिलेला नाही, कारण त्याच अर्थाचे वेगळे शब्दही गूगल त्यात धरते. ब्रॉड मॅचचा अर्थ त्याहून पुष्कळ सैल असतो. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या सुट्या भागांच्या कारखान्याने ‘सीएनसी मशीनिंग नाशिक’ हा कीवर्ड ब्रॉड ठेवला, तर खरेदी व्यवस्थापकांच्या आधी नोकरी शोधणारे आयटीआयचे विद्यार्थी, सीएनसीचा कोर्स विचारणारे आणि जुने मशीन विकत घेऊ पाहणारे लोक येऊन पोहोचतात. पंचवटीतील लॉजच्या जाहिरातीवर पंचवटी एक्सप्रेसची वेळ विचारणारे येतात. त्र्यंबकेश्वरजवळ राहण्याची सोय असलेल्यांनी 2027 च्या सिंहस्थासाठी आतापासून जाहिरात आखावी, पण ‘कुंभमेळा राहण्याची सोय’ हा शब्दसमूह मोकळा सोडला, तर प्रयागराज, हरिद्वार आणि उज्जैन येथील शोधही त्यात शिरू शकतात.

यावर उपाय म्हणजे सर्च टर्म्सचा, म्हणजे लोकांनी प्रत्यक्ष टाइप केलेल्या शोधांचा, अहवाल. नव्या कॅम्पेनमध्ये पहिले दोन आठवडे तो दर दोन दिवसांनी आणि नंतर आठवड्यातून एकदा वाचावा. त्यात सर्व शोध दिसत नाहीत, कारण फार थोड्या लोकांनी केलेले शोध गूगल 2020 पासून लपवते. तरी जेवढे दिसतात तेवढ्यांवरून दिशा स्पष्ट होते. निरुपयोगी शब्द निगेटिव्ह कीवर्डच्या, म्हणजे ज्यांवर जाहिरात दिसू नये अशा शब्दांच्या, यादीत टाकावेत. निगेटिव्ह कीवर्ड आपल्या साध्या कीवर्डसारखे समानार्थी शब्द ओळखत नाहीत, म्हणून ‘नोकरी’ टाकले तरी ‘जॉब’, ‘भरती’ आणि ‘व्हेकन्सी’ वेगळे टाकावे लागतात, आणि तेही देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिप्यांत. शहराच्या नावाचेही तसेच आहे: मराठी माणूस नाशिक लिहितो, हिंदी भाषक यात्रेकरू नासिक लिहितो, आणि रोमन लिपीत दोन्ही रूपे चालतात. कीवर्ड ठरवताना ही सगळी रूपे डोळ्यांसमोर असावीत.

निगेटिव्ह कीवर्ड अतिउत्साहाने टाकणे हीदेखील चूकच आहे, आणि ती मी केलेली आहे. एका दंतवैद्याच्या जाहिरातीवर डेंटल कॉलेजमधील प्रवेशाची चौकशी करणारे क्लिक येत होते, म्हणून मी ‘कॉलेज’ हा एक शब्द निगेटिव्ह यादीत टाकला. चौकशी करणारे थांबले, आणि त्यांच्यासोबत कॉलेज रोडवरचा दंतवैद्य शोधणारे सगळे ग्राहकही थांबले. दवाखाना कॉलेज रोडवरच होता. चूक लक्षात यायला तीन आठवडे लागले, कारण अहवालात जे शोध अडवले गेले ते दिसत नाहीत, फक्त आलेले दिसतात. तेथे ‘डेंटल कॉलेज’ हा शब्दसमूह फ्रेज मॅचमध्ये टाकणे पुरेसे होते. तेव्हापासून एकेरी शब्द निगेटिव्ह करण्यापूर्वी मी शहरातील रस्ते, चौक आणि उपनगरांची नावे एकदा मनात फिरवून घेतो.

मोजमापच चुकले, तर पुढचे सगळे चुकते

कन्व्हर्शन म्हणजे ग्राहकाने केलेली उपयोगाची कृती: फोन, भरलेला फॉर्म, खरेदी. एका क्लिकसाठी किती पैसे मोजायचे, ही बोली आपोआप लावणारी यंत्रणा याच आकड्यांवरून शिकते, त्यामुळे आकडा खोटा असेल तर यंत्रणा खोट्याच दिशेने पैसे खर्च करत राहते. सर्वांत जास्त दिसणारा दोष असा की, फॉर्म पाठवल्यानंतर उघडणाऱ्या आभाराच्या पानाऐवजी फॉर्मच्या पानावरच टॅग, म्हणजे कन्व्हर्शन मोजणारा छोटा कोड, बसवलेला असतो आणि पान नुसते उघडले तरी कन्व्हर्शन मोजले जाते. दुसरा दोष दुहेरी टॅगचा. एका क्लायंटच्या वर्डप्रेस संकेतस्थळावर प्लगिनमधून एक टॅग होता आणि टॅग मॅनेजर या गूगलच्या साधनातून मी दुसरा बसवला. महिनाअखेरीस चौकशीचा खर्च निम्म्यावर आल्याचे मी त्यांना आनंदाने सांगितले. त्यांनी काही न बोलता काउंटरवरची वही पुढे केली. वहीत माझ्या आकड्याच्या निम्म्याच चौकशा होत्या.

वही आणि अहवाल यांचा ताळा घालणे ही पद्धत मला अजूनही कोणत्याही साधनापेक्षा विश्वासार्ह वाटते. काउंटरवर बसणाऱ्या व्यक्तीने प्रत्येक फोन करणाऱ्याला, आमची माहिती कोठून मिळाली, एवढे विचारून लिहून ठेवावे. अहवालात 40 चौकशा आणि वहीत 12 असतील, तर आधी टॅग तपासावा, बोलीला नंतर हात घालावा. चौकशी मोजताना एका क्लिकमागे एकच कन्व्हर्शन धरण्याचा पर्याय निवडावा. प्रत्येक वेळी मोजण्याचा पर्याय खरेदीसाठी योग्य असतो. व्हॉट्सॲपच्या बटणावरील क्लिक प्रत्यक्ष संदेशाइतका महत्त्वाचा नसतो, म्हणून तो दुय्यम कृती म्हणून नोंदवावा, म्हणजे तो दिसेल, पण बोली ठरवताना धरला जाणार नाही.

महिन्याला दहा-बारा कन्व्हर्शन येणाऱ्या खात्यात एका चौकशीचा खर्च अमुक रुपयेच हवा, असे लक्ष्य बांधून देणेही घाईचे ठरते, कारण यंत्रणेला शिकायला पुरेसा मालच मिळत नाही. महिन्याला तीसएक कन्व्हर्शन होईपर्यंत थांबावे, आणि दर दोन दिवसांनी बोलीची पद्धत बदलण्याचा मोह आवरावा. प्रत्येक मोठ्या बदलानंतर शिकण्याचा काळ नव्याने सुरू होतो.

क्लिकनंतरचे पान

येवल्याच्या पैठणीची जाहिरात पाहून क्लिक केलेला माणूस सगळ्या प्रकारच्या साड्या दाखवणाऱ्या मुखपृष्ठावर पोहोचला, तर तो परत फिरतो. गूगलचा एक ते दहा असा क्वालिटी स्कोअर तीन गोष्टींवर ठरतो: जाहिरातीवर क्लिक होण्याची अपेक्षा, जाहिरातीचा शोधाशी असलेला संबंध आणि पानाचा अनुभव. गुण कमी असतील, तर त्याच जागेसाठी शेजाऱ्यापेक्षा जास्त रक्कम मोजावी लागू शकते. पान मोबाइलवर पटकन उघडावे आणि फोन नंबर बोट लावताच डायल व्हावा. गृहप्रकल्पांच्या बाबतीत कायद्याचाही भाग आहे: जाहिरातीत महारेरा नोंदणी क्रमांक हवा, आणि 1 ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोडही आवश्यक आहे. गंगापूर रोडवरील फ्लॅटची पाने तयार करून घेताना हे दोन्ही शेवटी आठवते आणि मग मांडणी पुन्हा करावी लागते.

बजेटचा हिशेब

दिवसाला 500 रुपये ठेवले आणि एका दिवशी 900 गेले, म्हणून घाबरलेले मालक मी पाहिले आहेत. दैनंदिन बजेट हे सरासरी असते. मागणी असेल त्या दिवशी गूगल दुपटीपर्यंत खर्च करू शकते, मात्र महिन्याची मर्यादा दैनंदिन रकमेच्या 30.4 पट असते. म्हणजे 500 रुपयांच्या बजेटचा महिना 15,200 रुपयांचा, आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 17,936 रुपयांचा झाला. व्यवसायाचा जीएसटी क्रमांक खात्यात भरलेला नसेल, तर त्या कराचे क्रेडिट घेताना अडचण येते. क्लायंटला दर सांगताना कर वगळून सांगणे हा आमच्या व्यवसायातला वादाचा नेहमीचा मुद्दा आहे, म्हणून कोटेशनमध्ये दोन्ही आकडे लिहावेत.

गूगलच्या शिफारशी आपोआप लागू करण्याची सोय बंद ठेवावी. त्या शिफारशींवरून खात्याला मिळणारा ऑप्टिमायझेशन स्कोअर 100 झाला म्हणजे धंदा वाढला असे होत नाही. शिफारस नाकारली तरीही तो गुण वाढतो, यावरून त्याचे वजन लक्षात यावे. खाते मात्र मालकाच्या स्वतःच्या ईमेलवर असावे आणि एजन्सीला त्यात प्रवेश द्यावा. उलटे केले, तर एजन्सी बदलताना कित्येक वर्षांची कन्व्हर्शनची नोंद मागेच राहते.

जाहिरात दिसतच नसेल, तर

स्वतः गूगलवर पुन्हापुन्हा शोधून पाहू नये. क्लिक न करता शोधत राहिल्याने जाहिरात दाखवल्याची संख्या वाढते, क्लिकचे प्रमाण घसरते, आणि आपल्याला या जाहिरातीत रस नाही असे समजून गूगल ती आपल्याला दाखवणे कमी करते. खात्यातील पूर्वावलोकन आणि निदानाचे साधन वापरावे. तेथे ठिकाण, भाषा व उपकरण निवडून जाहिरात दिसते की नाही आणि दिसत नसल्यास का, हे कळते. प्रतिस्पर्धी क्लिक करतो अशी शंका असेल, तर अहवालात अवैध क्लिकचा स्तंभ जोडावा. असे बरेच क्लिक गूगल आधीच गाळते आणि त्यांचे पैसे लावत नाही.

निदानाचा क्रम शिल्लक रकमेपासून सुरू करावा. त्यानंतर जाहिरात मंजूर आहे का ते पाहावे. बहुतेक जाहिरातींची तपासणी कामकाजाच्या एका दिवसात पूर्ण होते. मग वेळापत्रक, ठिकाण, कीवर्डसमोरची ‘शोध फारच कमी’ ही नोंद, आणि आपलाच निगेटिव्ह शब्द आपल्याच कीवर्डला अडवतो आहे का, या क्रमाने पुढे जावे. बोली अपुरी असण्याचा विचार सगळ्यात शेवटी करावा. गेल्या वर्षी सातपूरमधील एका कारखान्याची जाहिरात चार दिवस दिसत नव्हती आणि मी दोन दिवस बोली व कीवर्ड चाळत बसलो. आगाऊ भरलेली रक्कम संपली होती, आणि तसे कळवणारा ईमेल लेखापालांच्या नको असलेल्या मेलच्या पेटीत पडून होता.