आपल्याला किती कळतं, हे तपासायची रीत

मी भौतिकशास्त्र शिकवतो. 'कळलं का?' असं विचारलं की सगळ्यांच्या माना डोलतात, म्हणून तो प्रश्न मी वर्गातून हद्दपार केलाय. त्याऐवजी कागद घ्यायला सांगतो. तुम्हीही घ्या.

डावीकडे बारीक फुली काढा, तिच्या उजवीकडे 7 सेंटिमीटरवर ठळक ठिपका. डावा डोळा झाका. उजव्या डोळ्याने फुलीकडेच बघत कागद हातभर अंतरावरून सावकाश जवळ आणा. साधारण 25 सेंटिमीटरच्या आसपास ठिपका गायब होतो. (नजर ठिपक्याकडे पळाली की खेळ फसतो.) डोळ्याची नस जिथून मेंदूकडे निघते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात, हा आंधळा बिंदू फ्रेंच शास्त्रज्ञ एदम मारियॉतने 17व्या शतकात दाखवला. पण खरी गंमत पुढे आहे. ठिपक्याच्या जागी भोक दिसत नाही, कोरा कागदच दिसतो. ठिपक्यातून आडवी रेघ ओढून पुन्हा बघा. रेघ सलग! मेंदू आजूबाजूचं बघून जागा बुजवतो आणि आपल्याला पत्ताही लागू देत नाही.

आता पँटची चेन घ्या. ती कशी चालते हे किती समजतं, याला 1 ते 7 मध्ये गुण द्या. मग दाते एकमेकांत कसे अडकतात ते पायरीपायरीने लिहा आणि पुन्हा गुण द्या. रोझेनब्लिट आणि कील या मानसशास्त्रज्ञांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लिहून झाल्यावर लोकांचे गुण घसरले होते. तुमचेही बहुधा घसरतील.

हीच रीत माणसाला लावा. अगदी जवळचं माणूस निवडा. शरीर, पैसा, काम, नाती, भीती, श्रद्धा, जुन्या आठवणी असे त्याच्या आयुष्याचे पदर एकाखाली एक लिहा. प्रत्येकापुढे तुम्हाला माहीत असलेलं एकच वाक्य आणि ते कुठून कळलं तेही लिहा: स्वतः पाहिलं, त्याने सांगितलं, तिसऱ्याकडून ऐकलं की अंदाजपंचे? शरीर आणि काम भराभर भरतं. भीतीपाशी पेन अडतं. न अडता चाललं तर जास्त संशय घ्या, कारण तिथे जागा बुजवली गेलेली असू शकते.

मग त्या माणसाला विचारा. 'असं का वागतोस?' नको, त्याने माणूस बचावाला उभं राहतं. 'त्या वेळी काय चाललं होतं?' असं विचारा आणि गप्प बसा. गप्प बसणं हे यातलं सगळ्यात अवघड काम, निदान शिक्षकाला तरी.

काही रकाने विचारूनही भरत नाहीत. वेदना 10 पैकी किती, हे माणूस सांगू शकतं. त्याचे 6 आणि तुमचे 6 सारखेच का, हे मोजायची पट्टी नाही. 'पुढे काय होईल' याचंही तसंच. 1961 मध्ये हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झने आधीचंच गणित पुन्हा चालवताना संगणकात 0.506127 ऐवजी 0.506 भरलं आणि त्याच समीकरणांतून काही काळाने भलतंच हवामान बाहेर आलं. तिथे नियम तरी सगळे ठाऊक होते. माणसाच्या बाबतीत तेही नसतात.

अशा रकान्यात 'माहीत नाही' असं स्पष्ट लिहा, रिकामा सोडू नका. त्यावर निर्णय अवलंबून असेल तर शक्यतो मागे फिरता येईल असा पर्याय घ्या आणि कागदावर पुन्हा तपासायची तारीख टाका.