थंडी सरताना स्वतःचा आढावा
दिवस मोठा व्हायला लागला की अर्धा तास काढून वही घेऊन बसा. नुसत्या आठवणीवर विसंबू नका. अलीकडचे दिवसच डोळ्यांसमोर राहतात आणि हिशेब चुकतो. आधी गेल्या 3 महिन्यांचं कॅलेंडर आणि फोनमधले फोटो चाळा. मग प्रत्येक संकल्पापुढे प्रत्यक्ष काय झालं ते लिहा. ‘वाचन वाढलं’ असं मोघम नको. ‘2 पुस्तकं संपली, तिसरं पान 40वर अडलं’ असं हवं. का अडलं? बहुतेकदा आळस नसतो, वेळच ठरलेली नसते. उजेड कमी असला की झोप आणि उत्साह दोन्ही बिघडू शकतात, तेव्हा थंडीतली सुस्ती अपयशात धरू नका. पुढच्या 6 आठवड्यांसाठी एकच सवय निवडा, तिची वेळ, जागा लिहा. बाकीचे संकल्प तूर्त खुशाल खोडा.